सॅटमधलं इंग्रजी व्याकरण: कानाने नाही, नियमाने सोडवा

सॅट या अमेरिकी कॉलेज-प्रवेश परीक्षेच्या तयारीला लागलेल्या मराठी घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "गणिताचं काही नाही, इंग्रजीचंच टेन्शन आहे." मूल सेमी-इंग्रजीचं असो की पहिलीपासून इंग्रजी माध्यमाचं, ही भीती सुटत नाही. मग महिनोन्‌महिने शब्दांच्या याद्या पाठ केल्या जातात आणि व्याकरण "बघू नंतर" म्हणून मागे पडतं.

माझं मत याच्या अगदी उलट आहे. रीडिंग अँड रायटिंग विभागात सगळ्यात लवकर आणि सगळ्यात खात्रीने गुण वाढतात ते व्याकरण आणि लेखनाच्या प्रश्नांत. नियम मोजके आहेत, तेच पुन्हा पुन्हा विचारले जातात आणि प्रत्येक उत्तराला वाक्याच्या रचनेत ठोस कारण असतं. घरात इंग्रजी बोलणारी मुलं इथे "हे ऐकायला बरं वाटतंय" म्हणून पर्याय निवडतात आणि फसतात. शाळेत केवल, मिश्र आणि संयुक्त वाक्यं ओळखायला शिकलेल्या मुलाकडे खरं तर या प्रश्नांचं निम्मं काम आधीच झालेलं असतं. ते इथे लावायचं कसं, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं, एवढंच.

आधी परीक्षा ओळखा

सॅट आता पूर्ण डिजिटल आहे. भारतासह अमेरिकेबाहेर ती मार्च २०२३ पासून आणि अमेरिकेत मार्च २०२४ पासून ब्लूबुक या अ‍ॅपवर घेतली जाते. एकूण १६०० गुणांपैकी ८०० रीडिंग अँड रायटिंगचे. या विभागात दोन मॉड्यूल, प्रत्येकी २७ प्रश्न आणि ३२ मिनिटं. पहिल्या मॉड्यूलमध्ये तुम्ही कसं सोडवलं, त्यावर दुसरं सोपं येणार की अवघड, हे ठरतं. सोपं मॉड्यूल वाट्याला आलं तर वरच्या गुणांची वाट तिथेच अरुंद होते, म्हणून पहिल्या मॉड्यूलमधली निष्काळजी चूक महागात पडते.

प्रत्येक प्रश्नाला २५ ते १५० शब्दांचा स्वतंत्र उतारा आणि चार पर्याय असतात. प्रश्नांचे चार गट ठरलेल्या क्रमाने येतात. पहिले दोन वाचनाचे. तिसरा स्टँडर्ड इंग्लिश कन्व्हेन्शन्स, म्हणजे व्याकरण आणि विरामचिन्हं. विभागात साधारण २६ टक्के. चौथा एक्स्प्रेशन ऑफ आयडियाज, म्हणजे लेखन; साधारण २० टक्के. दोन्ही मिळून जवळजवळ अर्धा विभाग झाला. शब्दांच्या याद्यांना जेवढा वेळ देता, त्याच्याशी हा आकडा ताडून पाहा.

घरात दादा-ताईचं जुनं पुस्तक पडलेलं असेल तर जपून वापरा. लांबलचक उतारा, अधोरेखित शब्द आणि "नो चेंज" हा पर्याय, ही मांडणी आता गेली. निबंधही २०२१ मध्ये बंद झाला. अमेरिकेतल्या काही राज्यांत शाळेत होणाऱ्या सॅटपुरताच तो उरला आहे. नियम तेच असले तरी सराव नव्या मांडणीवरच करायला हवा.

पायरी १: चुकांची वही

ब्लूबुकमध्ये पूर्ण लांबीच्या सराव परीक्षा मोफत आहेत. त्यातली एक तयारीच्या सुरुवातीलाच, घड्याळ लावून, कुणालाही न विचारता द्या. गुण किती आले यापेक्षा कोणत्या प्रकारात चुकलात हे जास्त महत्त्वाचं.

मग एक वही घाला. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नासाठी तीन गोष्टी लिहा: मी काय निवडलं, ते निवडताना मनात काय होतं आणि कोणत्या नियमाने ते चूक ठरतं. "सिली मिस्टेक" असं वहीत लिहायचं नाही. त्या दोन शब्दांखाली खरं कारण दडून बसतं. "कर्ता शोधलाच नाही", "उजवीकडचा भाग शेवटपर्यंत वाचला नाही", "दोन पर्यायांत अंदाज मारला" असं स्पष्ट लिहा. अंदाजाने बरोबर आलेले प्रश्नही वहीत आलेच पाहिजेत.

पायरी २: वाक्य कुठे संपतं ते ओळखा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. सॅट घेणारी संस्था, कॉलेज बोर्ड, या कौशल्याला बाउंडरीज म्हणते. कॉमा, सेमीकोलन, कोलन, डॅश, पूर्णविराम यांपैकी काय घालायचं, किंवा काहीच घालायचं नाही का, असा हा प्रश्न.

आपली अडचण आधी समजून घेऊ. "पाऊस थांबला, मुलं मैदानात धावली" हे मराठीत आपण बिनदिक्कत लिहितो आणि कुणाला खटकत नाही. सॅटच्या इंग्रजीत मात्र दोन पूर्ण वाक्यं नुसत्या कॉमाने जोडणं ही चूकच. दुसरी सवय म्हणजे जिथे श्वास घ्यावासा वाटतो तिथे कॉमा देणं. शाळेत कुणी तसं शिकवलं असेल तर या परीक्षेपुरतं ते विसरा.

त्याऐवजी प्रत्येक वेळी एवढंच करा. रिकाम्या जागेच्या डावीकडचा भाग एकटा वाचा: कर्ता आणि मुख्य क्रियापद घेऊन तो स्वतःच्या पायावर उभा राहतो का? मग उजवीकडचा भाग तसाच वाचा. त्यावरून निर्णय होतो.

दोन्ही बाजू पूर्ण असतील तर पूर्णविराम किंवा सेमीकोलन चालतो. कॉमासोबत अँड, बट, सो, ऑर, यट, नॉर, फॉर यांपैकी एखादा जोडशब्दही चालतो. दुसरं वाक्य पहिल्याचा खुलासा करत असेल तर कोलन किंवा डॅशही. नुसता कॉमा नाही, आणि काहीच न घालणंही नाही.

डावीकडे पूर्ण आणि उजवीकडे अपूर्ण असेल तर पूर्णविराम बाद आणि सेमीकोलनही बाद. कॉमा, कोलन, डॅश किंवा काहीच नाही, यांतून अर्थ बघून निवडा.

डावीकडचाच भाग अपूर्ण असेल तर कोलन आणि सेमीकोलन दोन्ही बाद. कोलनच्या आधी पूर्ण वाक्य हवंच. "सच अ‍ॅज" किंवा "इन्क्लुडिंग" नंतर कोलन दिसला की तो पर्याय काट मारून टाका.

एक उदाहरण जवळून पाहू. उच्चारापुरतं देवनागरीत लिहिते:

"लोणार लेक फिल्स अ क्रेटर इन द डेक्कन ___ वॉटर इज बोथ सलाइन अँड अल्कलाइन."

पर्याय: (ए) बसाल्ट, इट्स (बी) बसाल्ट इट्स (सी) बसाल्ट; इट्स (डी) बसाल्ट अँड, इट्स.

"बसाल्ट"पर्यंतचा भाग घ्या. कर्ता लोणार लेक, क्रियापद फिल्स. पूर्ण. "इट्स"पासून पुढे घ्या. कर्ता वॉटर, क्रियापद इज. हेही पूर्ण. म्हणजे ए नुसता कॉमा म्हणून गेला आणि बीमध्ये काहीच नाही म्हणून तोही गेला. डीमध्ये कॉमा जोडशब्दाच्या आधी हवा होता, तो नंतर पडला आहे. उरला सी. खारं आणि अल्कधर्मी पाणी म्हणजे काय, हे माहीत नसलं तरी उत्तर सुटतं.

आता डावी बाजू तशीच ठेवून उजवीकडे एवढंच ठेवू: "अ रॉक फॉर्म्ड फ्रॉम कूल्ड लाव्हा." इथे "फॉर्म्ड" दिसतं म्हणून पुष्कळ मुलं त्याला मुख्य क्रियापद समजतात. ते "थंड झालेल्या लाव्ह्यापासून बनलेला खडक" या अर्थाचं विशेषण आहे. उजवीकडे वाक्य नाही, म्हणून सेमीकोलन चालणार नाही, कॉमा हवा. डावी बाजू जशीच्या तशी, तरी उत्तर बदललं. म्हणूनच दोन्ही बाजू वाचल्याशिवाय पर्यायांकडे बघू नका.

यातून एक सोपी युक्तीही निघते. शब्द तेच ठेवून एका पर्यायात पूर्णविराम आणि दुसऱ्यात सेमीकोलन असेल, तर दोन्ही बहुतेक बाद. या जागी दोघांचं काम एकच असतं आणि उत्तरं काही दोन असू शकत नाहीत.

वाक्याच्या मध्ये घातलेल्या जादा माहितीला दोन्ही बाजूंनी सारखंच चिन्ह लागतं: कॉमाने उघडलं तर कॉमाने बंद, डॅशने उघडलं तर डॅशने. नाव आणि हुद्द्याच्या बाबतीत अर्थ बघा. "अ‍ॅस्ट्रोफिजिसिस्ट जयंत नारळीकर वर्क्ड विथ फ्रेड हॉईल" यात एकही कॉमा नको, कारण नाव काढलं तर कोण ते कळणार नाही. "जयंत नारळीकर, अ‍ॅन अ‍ॅस्ट्रोफिजिसिस्ट बॉर्न इन कोल्हापूर, वर्क्ड विथ फ्रेड हॉईल" यात मधला तुकडा उचलला तरी वाक्य शाबूत राहतं, म्हणून दोन कॉमा हवेतच. कर्ता आणि त्याचं क्रियापद यांच्यामध्ये एकटा कॉमा कधीही येत नाही, कर्ता कितीही लांब असो.

अवघड मॉड्यूलमध्ये "हाउएव्हर"चा एक प्रश्न भेटू शकतो. सेमीकोलन त्याच्या आधी की नंतर, असा पेच. मराठीत "मात्र" वाक्याच्या पोटात कुठेही बसतं, त्यामुळे आपल्याला दोन्ही बरोबर वाटतात. इथे अर्थ तपासा. विरोध दुसऱ्या वाक्यात सुरू होत असेल तर "हाउएव्हर" दुसऱ्याकडे आणि सेमीकोलन त्याच्या आधी. विरोध पहिल्याच वाक्यात, त्याच्याही आधीच्या मजकुराशी असेल आणि दुसरं वाक्य फक्त कारण सांगत असेल, तर "हाउएव्हर" पहिल्याच्या शेवटी आणि सेमीकोलन त्याच्यानंतर.

पायरी ३: कर्ता शोधा, मग क्रियापद

"सीतेने आंबे खाल्ले", "सीतेने पोळी खाल्ली". मराठीच्या कर्मणी प्रयोगात क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं आणि ते कर्म बहुधा क्रियापदाच्या अगदी शेजारी असतं. शेजारच्या नामाशी क्रियापद जुळवण्याची सवय आपल्या हाडीमाशी भिनलेली आहे. परीक्षा बनवणारे नेमका तोच सापळा लावतात:

"द अरेंजमेंट ऑफ सीड्स इन द हेड्स ऑफ सनफ्लॉवर्स ___ अ स्पायरल पॅटर्न."

रिकाम्या जागेशेजारी "सनफ्लॉवर्स", त्याआधी "हेड्स", त्याआधी "सीड्स". तीन अनेकवचनं ओळीने. पण "ऑफ" आणि "इन"नंतरची नामं कर्ता होत नाहीत. ती झाकली की "अरेंजमेंट" उरतं, एकवचनी. उत्तर "फॉलोज". पर्यायांत "फॉलो", "हॅव फॉलोड", "आर फॉलोइंग" ही तिन्ही अनेकवचनी असतील तर कर्ता एकवचनी असण्याची शक्यता पर्याय पाहूनच कळते. तरीही कर्ता शोधून खात्री कराच.

दुसरा प्रकार मुख्य क्रियापदाचा. प्रत्येक वाक्यात एक तरी खरं क्रियापद लागतं; नुसतं "आयएनजी"वालं रूप किंवा "टु"वालं रूप ते काम करत नाही. उलट वाक्यात आधीच मुख्य क्रियापद असेल आणि जोडशब्द नसेल, तर रिकाम्या जागेत दुसरं मुख्य क्रियापद बसत नाही. आधी मोजा, मग निवडा. काळाच्या प्रश्नात आजूबाजूच्या वाक्यांतली क्रियापदं आणि सालं बघा. उत्तर तिथेच लिहिलेलं असतं.

पायरी ४: लोंबकळणारा तुकडा

"किल्ल्यातून चालताना शिलालेख दिसला." मराठीत निर्दोष. चालणारा कोण, हे अध्याहृत असतं आणि ऐकणाऱ्याला कळतं. हेच इंग्रजीत "वॉकिंग थ्रू द फोर्ट, द इन्स्क्रिप्शन वॉज नोटिस्ड" असं उतरवलं तर शिलालेखच किल्ल्यातून चालत होता असा अर्थ निघतो. नियम असा की सुरुवातीच्या तुकड्यातली क्रिया ज्याची, तो कॉमानंतर लगेच यायला हवा. चारही पर्यायांत शब्द तेच पण क्रम वेगळा दिसला की हा प्रकार ओळखा आणि "चालत कोण होतं?" असं विचारून ज्या पर्यायाची सुरुवात माणसाने होते तो घ्या. "द टूरिस्ट्स बॅग" यात माणूस दिसतो, पण कर्ता बॅग आहे. तोही सापळा.

सर्वनामांचं थोडक्यात: ते कुणाऐवजी आलंय ते नाम शोधा आणि वचन जुळवा. "इट्स" दोन आहेत. अपॉस्ट्रॉफी असलेलं म्हणजे "इट इज", नसलेलं म्हणजे "त्याचं". जागेवर "इट इज" घालून वाचलं की दहा सेकंदांत निकाल लागतो. नामांच्या अपॉस्ट्रॉफीत आधी "मालकी आहे का" आणि मग "एक की अनेक" हे दोन प्रश्न पुरे. अप्रत्यक्ष प्रश्नाच्या शेवटी पूर्णविराम येतो, प्रश्नचिन्ह नाही.

पायरी ५: जोडणारे शब्द, मराठीतून

एक्स्प्रेशन ऑफ आयडियाजमधला पहिला प्रकार ट्रान्झिशन्स. पर्यायांवर हात ठेवा. दोन्ही वाक्यं वाचा आणि मध्ये कोणता मराठी शब्द बसेल ते मनात म्हणा: म्हणून, पण, शिवाय, उदाहरणार्थ, त्याऐवजी, त्यानंतर, म्हणजेच, त्याचप्रमाणे, त्यासाठी. मगच हात काढा. मराठीत विचार करणं इथे फायद्याचंच आहे, ते दाबून टाकू नका.

"द मेल बाया वीव्हर डझ नॉट फिनिश हिज नेस्ट अ‍ॅट वन्स. ___, ही लीव्हज इट हाफ-बिल्ट अन्टिल अ फीमेल अ‍ॅक्सेप्ट्स इट." सुगरण पक्ष्याचा नर घरटं एका दमात पूर्ण करत नाही, मादीने पसंत करेपर्यंत अर्धवट ठेवतो. पर्याय समजा फॉर इन्स्टन्स, नेव्हरदलेस, इन्स्टेड, सिमिलरली. नकार दिसला की मुलं "नेव्हरदलेस"कडे धावतात. मराठीत म्हणून बघा: "एकदम पूर्ण करत नाही. तरीही अर्धवट ठेवतो"? जुळत नाही. "त्याऐवजी अर्धवट ठेवतो"? जुळतं. उत्तर "इन्स्टेड".

वहीच्या मागच्या पानावर या शब्दांचे मराठी अर्थांनुसार गट करा. "देअरफोर", "कॉन्सिक्वेंटली", "दस", "हेन्स" हे सगळे "म्हणून"च्या गटात. यातले दोन शब्द एकाच प्रश्नात पर्याय म्हणून आले तर सहसा दोन्ही बाद. "टु दॅट एंड" म्हणजे "त्या हेतूने" आणि "ग्रँटेड" म्हणजे "हे मान्य, पण...". हे दोन वेगळे लक्षात ठेवा, कारण शाळेच्या पुस्तकांत ते फारसे भेटत नाहीत.

पायरी ६: टिपणांचे प्रश्न

दुसरा प्रकार ऱ्हेटॉरिकल सिंथेसिस. विद्यार्थ्याने काढलेली चार-पाच टिपणं असतात आणि "अमुक उद्देश साधण्यासाठी यातलं कोणतं वाक्य योग्य?" असा प्रश्न असतो. टिपणं आधी वाचत बसू नका. प्रश्नातला उद्देश वाचा आणि त्यातले कळीचे शब्द टिपा: "साम्य दाखवा", "फरकावर भर द्या", "या विषयाशी अपरिचित वाचकाला ओळख करून द्या". मग पर्याय तपासा. बहुधा चारही पर्याय टिपणांनुसार खरेच असतात, व्याकरणातही बरोबर असतात. उद्देश पुरा करणारा एकच असतो. साम्य विचारलं असेल तर दोन्ही गोष्टींचा उल्लेख नसलेले पर्याय क्षणात उडतात. सगळ्यात लांब किंवा सुंदर वाक्याला भुलू नका. संशय राहिला तरच टिपणांकडे वळा.

पायरी ७: आठ आठवडे कसे वापराल

रोज चाळीस मिनिटं पुरेत, पण रोज. पहिल्या आठवड्यात चाचणी आणि वही. दुसरा आणि तिसरा पूर्णपणे बाउंडरीजला. चौथा कर्ता, क्रियापद, सर्वनाम, लोंबकळणाऱ्या तुकड्यांना. पाचवा ट्रान्झिशन्सला, सहावा टिपणांना. सातव्या-आठव्यात सगळे प्रकार मिसळून, आणि दर रविवारी एक पूर्ण सराव परीक्षा.

कॉलेज बोर्डाच्या मोफत प्रश्नसंचात प्रकार आणि काठिण्य निवडून प्रश्न काढता येतात. सोपे सुटायला लागले की लगेच अवघड घ्या. सोप्यांचा ढीग उपसण्यात काही मिळत नाही. खान अकॅडमीवरचं सॅटचं साहित्यही मोफत आहे. क्लास लावायचा तर लावा, पण या भागासाठी तो लागतोच असं मला वाटत नाही. ब्लूबुकच्या परीक्षा मोजक्याच आहेत, म्हणून त्या सुट्या सुट्या सोडवून वाया घालवू नका. एक परीक्षा दिली की पुढचे दोन-तीन दिवस तिच्यातल्या चुका समजून घ्यायला ठेवा.

वही दर आठवड्याला चाळा. एकच कारण तीनदा दिसलं तर पुढचा आठवडा त्या एका नियमाचा.

पायरी ८: परीक्षेतला क्रम आणि वेळ

२७ प्रश्नांना ३२ मिनिटं म्हणजे प्रश्नाला सव्वा मिनिटापेक्षा थोडं कमी. सरावलेला मुलगा व्याकरणाचा प्रश्न अर्ध्या मिनिटात सोडवतो आणि तो वाचलेला वेळ वाचनाच्या अवघड प्रश्नांना देतो. म्हणून पुष्कळ जण मॉड्यूल उघडल्यावर थेट पंधराव्या-सोळाव्या प्रश्नाच्या आसपास, जिथे व्याकरण सुरू होतं तिथे जातात, शेवटपर्यंत सोडवतात आणि मग पहिल्या प्रश्नाकडे परततात. मॉड्यूलच्या आत मागेपुढे जाता येतं. हा क्रम तुम्हाला मानवतो का, ते सराव परीक्षेत ठरवा; पहिला प्रयोग खऱ्या परीक्षेत नको.

पर्यायांवर काट मारायची सोय ब्लूबुकमध्ये आहे, ती वापरा. शंका असलेल्या प्रश्नावर खूण करून पुढे जा. परीक्षेच्या आधीच्या पाच दिवसांत ब्लूबुकमधली एक्झाम सेटअपची पायरी पूर्ण करून प्रवेशपत्र काढून ठेवा, आणि लॅपटॉप पूर्ण चार्ज करून न्या. मध्येच इंटरनेट गेलं तर हात थांबवू नका. परीक्षा चालू राहते. नेट फक्त सुरुवातीला आणि शेवटी उत्तरं पाठवताना लागतं. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा शेवटच्या मिनिटात एकही प्रश्न रिकामा ठेवू नका.